कारचा अ‍ॅम्प घरच्या पीसीला जोडलाय, पण बेस वाजला की बंद पडतो

गाडी विकली किंवा गाडीतली सिस्टीम बदलली की जुना अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणि सब (बेस वाजवणारा मोठा स्पीकर, सबवूफर) घरात येऊन पडतो. तो पीसीला जोडून वापरायची कल्पना अगदी रास्त आहे. गाडीतला बारा इंची सब खोलीत जो तळ देतो तो दुकानातल्या स्वस्त २.१ सेटमधून येत नाही. पण जोडल्यानंतरची तक्रार बहुतेकांची एकच असते. हळू आवाजात छान वाजतो. आवाज वाढवला की पहिल्याच दणक्याला प्रोटेक्टचा (अ‍ॅम्पने स्वतःला वाचवायला बंद केल्याचा) लाल दिवा लागतो, किंवा सगळं गप्प होतं आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप सुरू होतं. पुढचा दणका आला की परत बंद. अ‍ॅम्प गेला असं समजून माणूस तो दुरुस्तीला नेतो. दुकानात तो कारच्या बॅटरीवर लावला की मस्त वाजतो. घरी आणला की पुन्हा तेच.

उत्तर याच गोष्टीत आहे. बॅटरीवर वाजतो आणि घरी नाही, म्हणजे अ‍ॅम्प ठीक आहे आणि त्याला घरी मिळणारे १२ व्होल्ट ठीक नाहीत. मी आजवर ज्यांच्याकडे जाऊन हे पाहिलं, त्यातल्या बहुतेक ठिकाणी दोष अ‍ॅम्पच्या मागे, सप्लाय (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा डबा) आणि तारांमध्ये निघाला. म्हणून अ‍ॅम्प उघडण्याआधी, नवा घेण्याआधी, सबला दोष देण्याआधी एकच काम करा: अ‍ॅम्प वाजत असताना त्याच्या स्वतःच्या स्क्रूंवर किती व्होल्ट येतायत ते मोजा.

मोजायचं कसं

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब अ‍ॅम्पच्या १२ व्होल्टच्या स्क्रूवर, काळा प्रोब ग्राउंडच्या स्क्रूवर. सप्लायच्या टोकाला मोजू नका, अ‍ॅम्पच्या टोकाला मोजा. शांत असताना आकडा १२ ते १४ च्या मध्ये दिसेल आणि तो बघून समाधान मानायचं नाही. खरा आकडा आवाज चालू असतानाचा.

गाणं लावून मोजलं तर साधा मल्टिमीटर फसवतो. दणका सेकंदाच्या छोट्या भागात येऊन जातो आणि मीटर त्याची सरासरी दाखवतो. मीटरला मिन-मॅक्सचं बटण असेल तर ते वापरा. नसेल तर ५० हर्ट्झचा अखंड टोन लावा (कोणत्याही टोन जनरेटर अ‍ॅपमधून मिळतो), आवाज हळूहळू वाढवत न्या आणि आकडा कुठे कोसळतो ते पाहा. टोन पूर्ण जोरात पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. गाण्यात सबच्या कॉइलला मध्ये मध्ये उसंत मिळते, टोनमध्ये ती मिळत नाही आणि कॉइल तापते.

गाडीत इंजिन चालू असताना अ‍ॅम्पला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. त्याची रचना त्याच हिशेबाने केलेली असते. बरेच अ‍ॅम्प १० व्होल्टच्या आसपास आले की स्वतःला बंद करतात, कारण तेवढ्या कमी दाबात आतला कन्व्हर्टर (१२ व्होल्ट वाढवून घेणारा भाग) भलताच करंट ओढायला लागतो. तेव्हा टोन वाढवताना आकडा ११ च्या खाली घसरत असेल तर निदान जवळजवळ झालंच. आता हेच सप्लायच्या टर्मिनलवर मोजा. तिथेही आकडा पडत असेल तर सप्लाय कमकुवत आहे. तिथे १२.५ टिकतोय आणि अ‍ॅम्पवर ११ दिसतोय, तर मधली तार किंवा जोड खातोय. दोन्हीकडे १२ च्या वर टिकूनही अ‍ॅम्प बंद पडतोय, तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे शेवटी येऊ.

अ‍ॅम्पला खरंच किती लागतं

डब्यावर १२०० वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा विसरा आणि अ‍ॅम्पवरचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १४.४ व्होल्टला तो जास्तीत जास्त ४३२ वॅट आत घेऊ शकतो. क्लास एबीचा (जास्त तापणाऱ्या रचनेचा) अ‍ॅम्प त्यातले साठेक टक्के सबपर्यंत पोचवतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे खरी ताकद अडीचशे वॅटच्या आसपास. क्लास डीचा (कमी तापणाऱ्या रचनेचा) मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प, असेल तर पाऊणशे-ऐंशी टक्के पोचतात.

उलट बाजूने हिशेब केला तर सप्लाय किती हवा ते कळतं. सबला २०० वॅट द्यायचे असतील तर क्लास एबीला आत ३३० वॅटच्या जवळपास लागतात. १२ व्होल्टला ते झाले साधारण २८ अँपिअर. घरात तुम्ही इतकं जोरात सतत वाजवणार नाही आणि गाण्याची सरासरी या आकड्याच्या बरीच खाली असते. पण दणका येतो त्या क्षणी एवढा करंट देता आला पाहिजे, नाहीतर सप्लाय स्वतःचं संरक्षण करतो आणि बंद होतो. बोअरची मोटार सुरू झाली की घरातले दिवे क्षणभर मिणमिणतात, तोच प्रकार इथे बारा व्होल्टच्या लाइनवर होतो. फरक इतकाच की दिवे परत येतात आणि अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जाऊन बसतो.

पीसीचाच सप्लाय वापरलाय?

सर्वात जास्त लोक इथेच अडकतात. जुन्या कॅबिनेटमधला एटीएक्स एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) काढायचा, चोवीस पिनच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडून तो चालू करायचा, १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा अ‍ॅम्पला द्यायच्या. चालतं, पण छोट्या अ‍ॅम्पपुरतं.

लेबल नीट वाचा. वर ४५० वॅट लिहिलं असलं तरी १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. बऱ्याच स्वस्त जुन्या सप्लायमध्ये ते १४-१६ च्या आसपास असतात, म्हणजे १९० वॅटसुद्धा धड नाहीत. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर वाटलेले असतात, ते अ‍ॅम्पच्या काही कामाचे नाहीत.

त्यात जुन्या रचनेच्या सप्लायमध्ये ५ आणि १२ व्होल्टचं नियंत्रण एकत्र असतं. ५ व्होल्टवर काहीच भार नाही आणि १२ वर सगळा भार, अशी स्थिती आली की ५ वर चढतात आणि १२ खाली येतात. शांत असताना ११.८ आणि टोनला ११ च्या खाली, असा आकडा दिसला तर हेच घडतंय. ५ व्होल्टच्या लाल तारेवर गाडीचे २१ वॅटचे एक-दोन बल्ब भार म्हणून लावले की १२ ची लाइन थोडी सावरते. बल्ब तापतात, ते प्लास्टिकपासून लांब ठेवा. हा तात्पुरता उपाय आहे. नव्या चांगल्या सप्लायमध्ये १२ व्होल्टची एकच मोठी लाइन असते आणि हा दोष नसतो, पण ती लाइनसुद्धा १२ च्या फारशी वर जात नाही, १३.८ तिथे कधीच मिळणार नाहीत.

आणि ज्या पीसीवर गाणी वाजतायत त्याच चालू पीसीच्या सप्लायमधून अ‍ॅम्प चालवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. हे मी कळकळीने सांगतोय. एक तर दणक्याला १२ ची लाइन पडली की पीसी रीस्टार्ट होतो. दुसरं म्हणजे तिथे ऑडिओ केबलची शिल्ड (बाहेरचं जाळीदार वेष्टण) आणि पॉवरचा ग्राउंड पीसीच्या कॅबिनेटवर एक होतात. अ‍ॅम्पची जाड काळी तार कधी सैल झाली तर परतीचा सगळा करंट आरसीएच्या (अ‍ॅम्पला आवाज देणाऱ्या ऑडिओ केबलच्या) केसासारख्या शिल्डमधून साउंड कार्डकडे निघतो. तार वितळते, किंवा मदरबोर्डचा ऑडिओ कायमचा जातो.

मग घ्यायचा कोणता सप्लाय

एलईडी पट्ट्यांना आणि सीसीटीव्हीला वापरतात तो जाळीदार पत्र्याच्या डब्यातला १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो सहज मिळतो. जिल्ह्याच्या गावी एलईडी बोर्ड बनवणाऱ्याकडे चौकशी करा. घेताना वजनाने जड आणि पंखा असलेला घ्या. एकाच आकड्याचे दोन डबे हातात घेऊन बघितले की फरक लगेच कळतो. हलक्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि हीटसिंक लहान असतात आणि तोच डबा दणक्याला दम सोडतो.

बऱ्याच डब्यांच्या बाजूला ११५/२३० चा खटका असतो. वीज देण्याआधी तो २३० वर आहे याची खात्री करा. ११५ वर राहिला तर पहिल्याच सेकंदाला आतले कपॅसिटर फुटतात.

टर्मिनलच्या पट्टीशेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्याने आउटपुट साधारण दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत वर नेता येतं. अ‍ॅम्प जोडण्याआधी मल्टिमीटर लावून ते १३.२ ते १३.५ च्या दरम्यान करा. अ‍ॅम्पला गाडीची सवय आहे, त्याला हा दाब आवडतो, आणि दणक्याला अर्धा-पाऊण व्होल्ट पडला तरी आपण १२ च्या वर राहतो. मात्र व्होल्ट वाढले की अँपिअर कमी होतात: ३६० वॅटचा सप्लाय १३.५ ला २६-२७ अँपिअरच देईल. डब्याची एकूण ताकद तीच राहते.

याच पट्टीवर २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. त्यावर झाकण असलंच पाहिजे, नसेल तर सप्लाय हवा खेळेल अशा डब्यात बसवा. टेबलाखाली मुलांचे पाय जातात, मांजर जातं. तीन पिनचा प्लग लावून पट्टीवरचा अर्थचा स्क्रू खरोखर अर्थिंगला जोडा.

एक फरॅडचा मोठा कपॅसिटर लावला की काम होईल, असं कार डेकॉरवाले सांगतात. हिशेब करून बघा. १३.८ वरून १२.८ पर्यंत उतरताना तो साधारण १३ ज्यूल देतो. २०० वॅटच्या भाराला हे सेकंदाच्या पंधराव्या भागापुरतं झालं. तबल्याच्या एका थापेला मदत होईल. नव्या गाण्यांमधला लांबलचक बेस तो पेलणार नाही. शिवाय रिकामा कपॅसिटर थेट सप्लायला जोडला तर सप्लायला तो शॉर्टसारखाच वाटतो आणि तो टिक-टिक करत बंद-चालू होत राहतो. लावायचाच असेल तर आधी मालिकेत एक गाडीचा बल्ब ठेवून तो भरा, बल्ब विझला की मग थेट जोडा. माझं मत विचाराल तर तेवढे पैसे मोठ्या सप्लायवर घाला.

घरचा इन्व्हर्टर

इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्टची, करंटही भरपूर, मग तिथूनच घेऊ, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. बॅटरी चार्ज होत असते तेव्हा तिच्यावर चार्जरची १०० हर्ट्झची लहर बसलेली असते आणि ती घुरघुर होऊन स्पीकरमध्ये उतरते. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिच्या शेजारी सैल जोडाची ठिणगी नको. आणि फ्यूज नसलेली तार त्या बॅटरीपासून खोलीपर्यंत आणणं म्हणजे आगीला आमंत्रण. शॉर्ट झाली तर ती बॅटरी शेकडो अँपिअर देते. गाडीची जुनी बॅटरी खोलीत ठेवून चार्जरवर चालवणाऱ्यांनाही हेच लागू.

तारा

सप्लाय चांगला असूनही अ‍ॅम्पवर आकडा पडतो तेव्हा इथे बघा. वायरिंग किट गाडीसाठी बनवलेलं असतं. त्यात लाल तार लांब आणि जाड, काळी तार हातभर, कारण गाडीत परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. घरात पत्रा नाही. लोक लाल तार किटमधली लावतात आणि काळ्यासाठी घरातला एखादा बारीक तुकडा. करंट दोन्हीतून तेवढाच वाहतो, म्हणून काळी तार लालइतकीच जाड हवी.

६ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार मीटरला सुमारे ३ मिलिओहम असते. सप्लाय मीटरभर अंतरावर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर. २५ अँपिअरला ०.१५ व्होल्ट जातात, चालतील. तीच तार १.५ ची असेल तर ०.६ व्होल्ट जातात आणि तार गरम होते. किटच्या स्वस्त तारा बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, त्यांचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या जवळपास दीडपटीहून जास्त. टोक खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ओळखा. इलेक्ट्रिकच्या दुकानातून ६ ची मऊ तांब्याची तार मीटरवर घ्या, टोकाला थिंबल (स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक) दाबून घ्या आणि सप्लाय अ‍ॅम्पच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा. सप्लायच्या पट्टीवर प्लसचे आणि मायनसचे दोन-तीन स्क्रू असतात. शक्य असेल तर दोन तारा समांतर न्या.

जोड तपासायची एक खात्रीची युक्ती आहे. टोन चालू असताना एक प्रोब सप्लायच्या प्लस स्क्रूवर आणि दुसरा अ‍ॅम्पच्या प्लस स्क्रूवर ठेवा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या तारेत आणि तिच्या जोडांत हरवतायत. मग तसंच मायनसला. एका बाजूला ०.१ आणि दुसऱ्या बाजूला ०.७ आलं की कोणता स्क्रू घट्ट करायचा ते कळतं. फ्यूज होल्डरवरही असंच मोजा. काचेच्या फ्यूजचे स्वस्त होल्डर हमखास तापतात.

चालू करतानाच सप्लाय टिक-टिक करतो

दणक्याआधीच, चालू करण्याच्या क्षणी हे होत असेल तर बघा की रिमोटची तार (अ‍ॅम्पला चालू व्हायचा इशारा देणारी) थेट प्लसला जोडून टाकलीय का. तसं केलं की सप्लायचे व्होल्ट अजून चढतायत तोवरच अ‍ॅम्पचा कन्व्हर्टर ओढायला सुरुवात करतो, आणि सप्लायला ते शॉर्ट वाटतं. रिमोटच्या तारेत एक साधा छोटा खटका टाका. आधी सप्लाय चालू करायचा, अ‍ॅम्पचे आतले कपॅसिटर भरू द्यायचे, दोन सेकंदांनी खटका. बंद करताना उलट: आधी खटका, मग सप्लाय, मग पीसी. पीसी चालू-बंद होताना सबमधून येणारा धप्प आवाजही याने जातो. पीसीबरोबर आपोआप चालू करायचं असेल तर पीसीच्या १२ व्होल्टवर गाडीचा रिले (विजेने चालणारा खटका) चालवा आणि त्याच्या संपर्कातून अ‍ॅम्पच्या सप्लायचे १२ व्होल्ट रिमोटला द्या. पीसीची तार थेट रिमोटला लावू नका, नाहीतर दोन सप्लायचे ग्राउंड जोडण्याची गरज पडते आणि पुढचा त्रास सुरू होतो.

सप्लाय बदलला, आता घुरघुर येते

बेसची तक्रार मिटली की ही दुसरी येते आणि हीच परत परत उगवते, म्हणून जरा सविस्तर.

अ‍ॅम्पमधून आरसीएच्या पिना काढा. घुरघुर तशीच असेल तर ती सप्लायची किंवा अ‍ॅम्पची, पीसीचा संबंध नाही. गेली असेल तर त्याच केबलला बॅटरीवर चालणारा फोन जोडून बघा. फोनवर शांत आणि पीसीवर घुरघुर, म्हणजे ग्राउंड लूप. लॅपटॉप असेल तर आणखी सोपं: चार्जर काढा, आवाज थांबला की सिद्ध झालं. माउस हलवला की चिरचिर, गेम सुरू केला की किणकिण, हे त्याच कुटुंबातलं. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवरून घेतलं असेल तर मागच्या हिरव्या जॅकवर या, बरंच कमी होतं.

लूप म्हणजे काय तर पीसीचं कॅबिनेट तिसऱ्या पिनमधून अर्थिंगला, आरसीएची शिल्ड कॅबिनेटला, शिल्ड अ‍ॅम्पला, अ‍ॅम्प सप्लायच्या मायनसला आणि मायनस पुन्हा कुठेतरी अर्थिंगला जोडला गेला की एक वर्तुळ तयार होतं. त्यातून फिरणारा घरच्या विजेचा अंश आपल्याला ५० हर्ट्झला आणि त्याच्या पटीत ऐकू येतो. सबला तर ५० हर्ट्झ म्हणजे घरचं अंगण, म्हणून तिथे तो जास्त जाणवतो.

त्यामुळे सप्लायचा मायनस अर्थिंगच्या स्क्रूला जोडू नका. या डब्यांचं आउटपुट मुळात वेगळं, तरंगतं असतं, ते तसंच राहू द्या. अ‍ॅम्पची पत्र्याची बॉडी पीसीच्या कॅबिनेटला किंवा लोखंडी रॅकला टेकू देऊ नका, खाली लाकडाची फळी घ्या. पीसी, मॉनिटर आणि अ‍ॅम्पचा सप्लाय एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. पीसीला एचडीएमआयने टीव्ही जोडलेला आहे आणि टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सला छपरावरून केबल येतेय, असं असेल तर ती केबल काढून बघा. घुरघुरीचं मूळ कितीतरी वेळा तिथे सापडतं आणि ते कुणाच्या ध्यानातही नसतं.

प्लगची तिसरी पिन काढून टाकली की आवाज जातो, हे खरं आहे आणि ते कुणीही करू नये. अर्थिंग गेलं की पीसीच्या कॅबिनेटवर फिल्टरच्या कपॅसिटरमधून शंभरेक व्होल्ट तरंगू लागतात, हाताला मुंग्या येतात. आणि सप्लाय आतून बिघडला तर सगळे २३० व्होल्ट बॉडीवर येतात. जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच इमारतींत बोर्डला तिसरं भोक असतं पण मागे तार नसते. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट, असं मिळतंय का ते मोजून घ्या. नसेल तर आधी वायरमनला बोलवा. बेस थांबू शकतो.

आरसीएच्या मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर स्वस्तात मिळतो आणि घुरघुर थांबवतो. पण त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि स्वस्त डबीतला तो खालचे सूर नीट सोडत नाही. ४०-५० हर्ट्झच्या खाली आवाज पातळ होतो. स्पीकरला चालेल, सबसाठी ज्याच्यावर २० हर्ट्झपर्यंतची हमी आहे तोच घ्या. मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुट असेल तर सर्वात स्वच्छ मार्ग तोच: ऑप्टिकलवरून छोट्या डॅकवर (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ करणारी डबी), डॅकवरून अ‍ॅम्पला. काचतंतूतून किंवा प्लास्टिकतंतूतून ग्राउंड जात नाही, लूप तुटतोच. डॅकला मात्र वेगळा अ‍ॅडॅप्टर द्या; पीसीच्या यूएसबीवरून चालवला की ग्राउंड परत जोडला गेला.

गेन आणि बेस बूस्ट

गेनचं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. पीसीचा आउटपुट साधारण एक-दोन व्होल्टचा असतो आणि गेन त्याच्याशी जुळवायचा असतो. सब काढून ठेवा, पीसीवर आवाज ऐंशी टक्क्यांवर, ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन, मल्टिमीटर एसी व्होल्टवर अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला. ४ ओहमला १०० वॅट हवे असतील तर २० व्होल्ट, २०० हवे असतील तर २८ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवा आणि तिथेच सोडा. सप्लाय १०० वॅटपुरताच असेल तर २० वर थांबा. खोलीसाठी १०० वॅट भरपूर होतात.

बेस बूस्ट शून्यावर. १२ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या सुराला सोळापट वॅट, आणि ते देणारा तोच बिचारा ३० अँपिअरचा डबा आहे. विंडोजच्या साउंड सेटिंगमधलं बेस बूस्ट आणि लाउडनेसही बंद करा. लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास, सबसॉनिक (अगदी खालचे सूर कापणारा) असेल तर २५-३० वर ठेवा. ऐकू न येणाऱ्या सुरांवर करंट वाया जात नाही.

बूस्टचा मोह होतो त्याला कारण आहे. गाडीची बंद छोटी जागा खालचे सूर आपोआप उचलते, खोलीत ती मदत मिळत नाही. त्याऐवजी सबची जागा बदला. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींजवळ फुगतो आणि मधोमध नाहीसा होतो. खुर्ची मधोमध असेल तर कितीही वॅट घाला, तो सूर तिथे येणार नाही. सब कोपऱ्यात न्या, खुर्ची हातभर मागे-पुढे करा, आणि मग गेन कमी करावा लागेल.

व्होल्ट ठीक, तरी प्रोटेक्ट

अ‍ॅम्पच्या स्क्रूंवर टोनला १२.५ टिकतायत आणि तरी लाल दिवा लागतोय, तर सबकडे वळा. सबच्या तारा अ‍ॅम्पमधून काढून टोकांना ओहम मोजा. ४ ओहमचा सब मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो. दोन सब किंवा दोन कॉइल समांतर जोडल्या असतील तर त्याच्या निम्मे. ब्रिज केलेले (दोन चॅनेल जोडून एक केलेले) बरेच दोन चॅनेलचे अ‍ॅम्प ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. तिथे २ ओहम लावले की जोरात वाजवताच प्रोटेक्ट येणारच. दोन कॉइल मालिकेत जोडून ८ ओहम करा, ताकद घटेल पण वाजेल. तारेचा एखादा केस शेजारच्या टर्मिनलला लागलाय का तेही बघा. अर्ध्या तासाने बंद पडतोय आणि अ‍ॅम्पला हात लावता येत नाही, तर टेबलाखालची कोंडलेली हवा हे कारण; अ‍ॅम्प उभा ठेवा, पीसीचा एखादा जुना १२० एमएमचा पंखा त्याच्या बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांवर (फिन्सवर) सोडा.

सब काढून, आरसीए काढून, फक्त १२ व्होल्ट आणि रिमोट दिल्यावरही लाल दिवा लागत असेल तर मात्र आतलं काही गेलेलं आहे. बहुतेकदा आउटपुटचा किंवा कन्व्हर्टरचा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट असतो, आणि तो बदलता येतो. दुरुस्तीला देताना अ‍ॅम्पबरोबर ही आकडेवारी लिहून द्या: शांत असताना किती व्होल्ट, टोनला किती, सब किती ओहमचा. कारागिराचा निम्मा वेळ वाचतो आणि चालू अ‍ॅम्प उगाच उघडला जात नाही.